हात भरून येईपर्यंत

गेल्या मे महिन्यात मला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. बंगळूरला असलेल्या मुलाने आणि सूनबाईने भेट म्हणून एक भलंमोठं खोकं पाठवलं. कुरिअरचा मुलगा ते तीन जिने चढवून घेऊन आला, घाम पुसला आणि म्हणाला, "आजी, दगड मागवलेत का?" आत मिक्सर होता. शेजारच्या वहिनी उत्सुकतेने बघायला आल्या आणि त्यांचा चेहराच पडला. "अहो, मिक्सर तर तुमच्याकडे आहे की!"

तो हा मिक्सर नव्हे, हे त्यांना समजावून सांगताना माझी निम्मी दुपार गेली. आपल्याकडे मिक्सर म्हटलं की चटणी वाटायचं, दाणे कुटायचं यंत्र. हा स्टँड मिक्सर. खाली जड बैठक, वरती घोड्याच्या मानेसारखं पुढे आलेलं डोकं, त्याखाली साडेचार लिटरचं स्टीलचं भांडं. सोबत तीन अवजारं. एक चपटं पातं, एक तारांचा फुगा आणि एक आकडा. केकचं मिश्रण, अंड्याचा फेस आणि पावाची कणीक अशी तिघांची वाटणी.

सूनबाईचा हेतू मला कळला होता. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला आहे, आणि दिवाळीत घरची नानकटाई करायचं मी सोडत नाही, हे तिला ठाऊक आहे. "आई, आता हाताने तूप फेसायचं नाही हं," एवढंच ती फोनवर म्हणाली.

मग मी काय केलं? दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, पाव किलो मैद्याची नानकटाई करायला घेतली. तूप भांड्यात ओतलं (हो, ओतलंच, पनवेलच्या मे महिन्यात तूप थिजलेलं असतंय कुठे?), वर पिठीसाखर घातली, तारांचा फुगा लावला आणि आकडा सरळ शेवटावर नेला. म्हटलं, यंत्र आहे, होऊ दे पटकन. साखरेचा एक ढग उडाला तो चष्म्यावर बसला. पाच मिनिटं गरगर झाली. मग मैदा घालून पुन्हा तसंच गरगर. गोळे वळले, भट्टीत म्हणजे ओव्हनमध्ये सरकवले. वीस मिनिटांनी बाहेर काढलं तर ताटभर एकच पापड! कडेला जळलेला, मध्ये तुपाने ओथंबलेला.

तो पापड बघून मला हसू आलं नाही, कारण असला पापड मी आधी एकदा पाहिलेला होता.

माझ्या आईची एक वही आहे. वाण्याच्या हिशेबाच्या चोपडीसारखी लांबोडकी. तिच्यात नानकटाईचं पान आहे. मैदा एक शेर, तूप अमुक, साखर तमुक, वेलची, जायफळ. आणि पुढे आईच्या अक्षरात एक ओळ: "तूप-साखर परातीत हात भरून येईपर्यंत फेसावी." बस्स. किती वेळ, ते नाही. शेजारी फक्त एक खूण दिली आहे, की फेसलेलं थोडं पाण्यात टाकून पाहावं, तरंगलं तर झालं.

१९६२ ची दिवाळी. मी सातवीत होते. चीनचं युद्ध नुकतंच पेटलं होतं, त्यामुळे सणाचा उत्साह तसा बेताचाच. वाण्याच्या तागडीतला शेर त्याच वर्षी गेला होता. एप्रिलपासून किलो-ग्रॅमची वजनं सक्तीची झाली होती आणि आई दर वेळी मनातल्या मनात हिशेब करून पुटपुटायची. तर नानकटाईच्या दिवशी आईचा हात दुखत होता. तिने मला हाक मारली, "जरा परात धर गं, थोडं फेसून दे." मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "मला अभ्यास आहे." खरं सांगायचं तर अभ्यास नव्हताच, गोष्टीचं पुस्तक होतं. आई काही बोलली नाही. एकटीने फेसत बसली आणि मध्येच थांबली असावी. त्या वर्षी बेकरीतून पत्रे परत आले ते सगळे पसरलेले. आत्या आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "वहिनी, यंदा नानकटाईचे पापड केलेत वाटतं." आई हसली आणि म्हणाली, "हात कमी पडला."

मला त्या वेळी वाटलं, आईचं काही प्रमाण चुकलं असेल. "हात कमी पडला" हे शब्दशः खरं होतं, हे कळायला मला त्रेसष्ट वर्षं लागली.

बेकरीतून पत्रे परत आले असं मी वर लिहिलं, ते आजच्या मुलांना कळणार नाही. तेव्हा पनवेलात घरी ओव्हन कुणाकडे असणार? आम्ही वडाळे तळ्याच्या बाजूला राहायचो. दिवाळीच्या आधी बायका घरी पीठ मळून, डबे डोक्यावर घेऊन बेकरीत जायच्या. तिथल्या लाकडी बाकावर बसून गोळे वळायच्या, काळ्या पत्र्यांवर मांडायच्या आणि प्रत्येक पत्र्यावर नावाची चिठ्ठी. बेकरीवाले चाचा लांब दांड्याच्या फळीने पत्रे भट्टीत सरकवायचे. लाकडाची भट्टी, पोटात अंधार आणि कडेला निखारे. पत्र्यामागे काही आणे घ्यायचे. घरचा मैदा, घरचं तूप, घरचा हात, फक्त विस्तव बाहेरचा.

इतिहास शिकवत आयुष्य गेल्यामुळे मला ही वाटणी नेहमी गमतीची वाटते. ती केवळ ओव्हन नव्हता म्हणून झाली, की तिच्यामागे आणखी काही होतं? आपल्याकडे पावबिस्किटांना एकेकाळी धर्म बुडवण्याचा मान होता. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. तो गोव्यातून, वसईतून आपल्याकडे आला. पायाने मळतात म्हणून पाव, ही आपण नंतर रचलेली कथा. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी (म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी) व्याख्यानाचं निमित्त करून पुण्यातल्या प्रतिष्ठितांना जमवलं आणि तिथे चहाबिस्किटं पुढे आली. पुढे आलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. न्यायमूर्ती रानडे त्यात होते, लोकमान्य टिळक होते. मग ग्रामण्य, शंकराचार्यांकडे फिर्याद, प्रायश्चित्तं. एका बिस्किटाने पुणं हादरलं! त्यानंतर सत्तर वर्षांनी आमच्या पनवेलात सोवळ्याने वागणाऱ्या आज्यासुद्धा दिवाळीत बेकरीच्या दारात रांग लावत होत्या. मला वाटतं, पीठ घरचं आणि हात घरचा असल्यावर नुसत्या विस्तवाला त्यांनी सूट दिली असावी. हा माझा अंदाज, पुरावा म्हणून घेऊ नये.

असो. मुद्दा हाताचा आहे.

मी एकतीस वर्षं औद्योगिक क्रांती शिकवली. हारग्रीव्हजची जेनी, आर्कराइटचं पाण्यावर चालणारं सूतयंत्र, वॅटचं वाफेचं इंजिन. आर्कराइट आणि वॅट या दोघांचीही पेटंटं १७६९ ची, हे मुलांना लक्षात ठेवायला सोपं, म्हणून मी ते दर वर्षी सांगायची. हाताचं काम यंत्राकडे गेलं, असं फळ्यावर लिहायची. आणि शाळा सुटली की घरी येऊन पाट्यावर वाटायला बसायची. स्वयंपाकघरातला हात कधी आणि कसा यंत्राकडे गेला, हा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. मीही तो कधी शोधला नाही. त्या पापडानंतर मात्र शोधला.

सुरुवात अंडी फेसण्यापासून झाली. १८७० साली अमेरिकेत टर्नर विल्यम्स नावाच्या माणसाने दातेरी चाक आणि एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरणारी दोन पाती असलेल्या फेसणीचं पेटंट घेतलं. एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्याने मूठ फिरवायची. आपल्याकडे पुढे केकसाठी जे हाताचं बीटर आलं, ते याच कुळातलं. वाटेल की झालं, बायकांचे कष्ट वाचले. पण रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी नेमकं उलटं दाखवलं. फेसणी आली आणि घराघरांत नुसत्या पांढऱ्या बलकावर फुगणारे केक अपेक्षित होऊ लागले. पांढरं वेगळं फेसा, पिवळं वेगळं फेसा. यंत्राने मिनिटं वाचवली आणि पदार्थाने ती खाऊन टाकली. हे वाचून मी मान डोलावली. आमच्याकडे १९८१ साली चटणीचा मिक्सर आला तेव्हा इडलीचं पीठ महिन्यातून एकदा व्हायचं ते दर रविवारी होऊ लागलं, ते काय वेगळं होतं?

स्टँड मिक्सरचा जन्म मात्र घरात झालेला नाही. ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी होबार्ट नावाची कंपनी होती. तिच्या हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरने १९०८ साली एका बेकरीवाल्याला लोखंडी चमच्याने पावाची कणीक घुसळताना पाहिलं. त्या माणसाचे हाल बघून त्याला यंत्र सुचलं, असं सांगतात. १९१४ पर्यंत त्याने ऐंशी क्वार्टचं, म्हणजे सुमारे पंच्याहत्तर लिटरचं यंत्र तयार केलं. बेकऱ्यांनी घेतलं, अमेरिकेच्या आरमाराने जहाजांवर बसवलं. पहिलं महायुद्ध संपताना कंपनीने त्याचं छोटं भावंड घरासाठी करायला घेतलं आणि १९१९ साली ते किचनएड या नावाने बाजारात आलं. छोटं म्हणजे किती, तर वजन तीस किलोच्या आसपास, आणि किंमत १८९ डॉलर ५० सेंट. दुकानदार ठेवायला तयार होईनात, तेव्हा बहुतांशी बायकांनीच दारोदार जाऊन ते विकलं. १९३७ मध्ये एग्माँट आरेन्सने त्याला आजचं गुळगुळीत रूप दिलं. इंग्लंडात केनेथ वुडने १९५० मध्ये आपलं केनवुड शेफ आणलं. माझ्या ओट्यावर बसलेला पाहुणा याच घराण्यातला, तेव्हा मूळचा बेकरीवाला, हे लक्षात ठेवायचं.

आपल्या मिक्सरचं घराणं अगदी वेगळं. मुंबईत माधुरी माथुर या गृहिणीकडे जर्मन बनावटीचा मिक्सर होता. तो फळांचे रस काढायला, मऊ मिश्रणं करायला केलेला. आपली ओली हळद, डाळतांदूळ, सुकं खोबरं त्याला झेपेना आणि तो बंद पडला. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी दणकट मोटर करायचं मनावर घेतलं, मित्रांना सोबत घेऊन १९६३ साली कंपनी काढली आणि त्यातून सुमीत मिक्सर आला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. पाटा-वरवंट्याची जागा घेणारा तो खरोखरच मित्र ठरला.

आता या दोन्ही कथा शेजारी ठेवून बघा. एकाने पाहिलं ते कणीक घुसळणारा बेकरीवाला, दुसऱ्याने पाहिलं ते चटणी वाटणारी बायको. ज्याने जो हात पाहिला तसं त्याचं यंत्र झालं. सुमीतचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, कारण त्याला कापायचं आहे, वाटायचं आहे. स्टँड मिक्सर पहिल्या आकड्यावर मिनिटाला साठेक फेरे घेतो, कारण त्याला माणसाचा हात व्हायचं आहे. आणि तो फिरतोही कसा? पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही, तसं. पातं स्वतःभोवती गिरकी घेतं आणि त्याच वेळी भांड्याभोवती उलट्या दिशेने प्रदक्षिणा घालतं. म्हणून भांडं जागचं हलत नाही, तरी पातं कडेपर्यंत सगळीकडे पोचतं. परातीत फिरणारा आईचा तळवा असाच फिरायचा. मधून कडेला, कडेवरून पुन्हा मध्ये.

आणि मी काय केलं होतं? बेकरीवाल्याला सुमीत समजून पळवलं होतं.

पण वेग ही एकच चूक नव्हती. तूप-साखर का फेसायची, हे मी पंचावन्न वर्षं नानकटाई करूनही स्वतःला विचारलं नव्हतं. साखरेचे बारीक कण तुपात घासले जातात तेव्हा आपल्याबरोबर हवा आत नेतात. लाखो बारीक बुडबुडे तुपात अडकून राहतात. भट्टीच्या उष्णतेने तेच फुगतात आणि नानकटाई हलकी होते. सोडा नवीन बुडबुडे करत नाही, असलेल्यांनाच मोठं करतो. मुळात बुडबुडे नसतील तर सोडा घालून काय फायदा? पण हवा धरून ठेवायला तूप थिजलेलं हवं. पाण्यासारख्या पातळ तुपात हवा टिकतच नाही. हे यंत्र ज्या मुलखात जन्मलं तिथे ओट्यावर ठेवलेलं लोणी आपोआप अठरा ते एकवीस अंश असतं. आमच्या ओट्यावर मे महिन्यात पस्तीस. वर यंत्राच्या घासण्याने आणखी गरम होतं ते वेगळंच.

मग आईला कसं जमायचं? एक तर दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि ती फेसायला बसायची पहाटे. पण दुसरं कारण तिच्या वहीतच आहे. "तूप" या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात "डालडा" लिहिलंय. डालडा आपल्याकडे १९३७ पासून. साजूक तूप उन्हाळ्यात पाघळतं, पण तेव्हाचं वनस्पती तूप पाघळायला जास्त उष्णता लागायची, म्हणून ते आमच्या हवेतही घट्ट राहायचं आणि हवा धरून ठेवायचं. बेकरीवाल्यांना ते आवडायचं ते काही फक्त स्वस्त म्हणून नव्हे. पुढे त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयाला अपाय होतो हे कळलं आणि २०२२ पासून त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर नसावं असा नियम आपल्याकडे झाला. मी साजूक तुपावर आले ते चांगलंच केलं, पण तूप बदललं की रीत बदलावी लागते, हे ध्यानात आलं नव्हतं.

आणि ती पाण्यात तरंगण्याची खूण! नुसतं तूप पाण्यावर तरंगणारच, त्यात काय विशेष, असं मला पूर्वी वाटायचं. पण साखर घातल्यावर ते मिश्रण पाण्यापेक्षा जड होतं आणि बुडतं. पुरेशी हवा आत गेली तरच पुन्हा तरंगतं. आईला शास्त्र शिकवलेलं नव्हतं, पण परीक्षा मात्र तिने शास्त्रशुद्ध लिहून ठेवली होती.

एवढं समजल्यावर मी पुन्हा बसले. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा बरं झालं, पावसाळा संपेपर्यंत हात बसला. हात बसला म्हणजे यंत्राचा. ज्यांच्याकडे असा पाहुणा नवा आला असेल त्यांच्यासाठी माझे अनुभव लिहिते.

पहिलं, पातं आणि भांड्याचा तळ यातलं अंतर बघून घ्यावं. भांड्यात एक पातळ नाणं टाकून चपटं पातं हळू फिरवावं. पात्याने नाण्याला दर फेरीत जरासं पुढे ढकललं तर बरोबर. नाणं हललंच नाही तर तळाचं तूप तसंच राहणार, आणि गरागरा फिरलं तर पातं तळाला घासतंय. माझ्या यंत्राला मानेजवळ एक स्क्रू आहे, त्याने हे अंतर कमीजास्त होतं. हे मला माहितीपुस्तिकेत मागच्या पानावर सापडलं. मागची पानं आधी वाचावीत.

दुसरं, प्रमाण. एवढ्या मोठ्या भांड्यात दीडशे ग्रॅम तूप म्हणजे मोठ्या हौदात तांब्याभर पाणी, पात्याला लागतच नाही. मी आता अर्धा किलो मैद्याचं करते. तूप तीनशे ग्रॅम, पिठीसाखर अडीचशे, चार चमचे बारीक रवा, दोन चिमटी सोडा, वेलची, जायफळ.

तिसरं, थंडावा. तूप फ्रीजमध्ये ठेवून थिजवायचं, पण दगड करायचा नाही. बोट दाबलं तर खळगा पडावा, एवढंच. उन्हाळ्यात भांडं आणि पातंही पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. आणि वेळ पहाटेची, आईसारखी.

चौथं, नानकटाईला चपटं पातं. तारांचा फुगा अंड्यासाठी आणि सायीसाठी, घट्ट तुपात त्याच्या तारा वाकतात. साखर घातल्यावर पहिला आकडा, ढग बसला की मग हळूहळू चौथा. मध्ये दोनदा यंत्र बंद करून कडा उलथन्याने खरवडायच्या. रंग पिवळ्याचा पांढरट होतो, आवाजही बदलतो, आधी थपथप आणि मग मऊ फसफस. मैदा घातल्यावर मात्र पुन्हा पहिला आकडा आणि गोळा जमेपर्यंतच, जास्त फिरवलं की गरम होऊन तूप सुटतं. गोळे वळून पत्रा अर्धा तास फ्रीजमध्ये, मग आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये एकशे पासष्ट अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. गरम असताना मऊच लागतात, घाबरू नये.

आकड्याने मी पावही करून पाहिला. कणकेसाठी दुसऱ्या आकड्याच्या वर जायचं नाही, यंत्राची मोटर तापते. पावाची हकिगत पुन्हा केव्हातरी.

एक प्रश्न मात्र उरला होता. चौथ्या आकड्यावर फेसायचं, पण किती वेळ? आईच्या वहीतला काटा होता तिचा स्वतःचा हात. यंत्राला हात नाही, ते कधी भरून येणार? शेर गेला, किलो आला, आण्याचे पैसे झाले, पण हे एक माप सरकारने कधी बदललं नाही, कारण ते माप आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

दिवाळीत मुलगा-सून आली. नात अकरा वर्षांची, तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, आपण मोजूया की." तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय असतो. एका पहाटे आम्ही सारखं तूप-साखर दोन ठिकाणी घेतलं. एक यंत्रात, दुसरं आईच्या जुन्या पितळी परातीत. यंत्राचं सात मिनिटांनी पाण्यावर तरंगलं. परातीपाशी आधी नात बसली. चार मिनिटांत म्हणाली, "दुखतोय." मग सूनबाई बसली, मग मुलगा, मग पुन्हा नात. मी डाव्या हाताने थोडं केलं. चौघांनी मिळून तरंगायला लावलं तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. आणि हे अर्ध्या किलोचं. आई दोन शेरांचं करायची, एकटी, आणि मग डबा डोक्यावर घेऊन बेकरीत जायची.

कुणी काही बोललं नाही. मुलाने नुसता परातीवरून हात फिरवला.

दोन्ही नानकटाया एकाच पत्र्यावर भाजल्या. खाऊन कुठली यंत्राची आणि कुठली हाताची, हे आमच्यापैकी कुणालाही ओळखता आलं नाही. हाताची चव वेगळीच, असं मी आयुष्यभर म्हणत आले होते. यापुढे म्हणणार नाही. चव तीच, तिला लागलेली किंमत वेगळी.

ती बेकरी कधीच बंद झाली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. तिकडे मुंबईत न्यायालयाच्या आदेशाने लाकडी भट्ट्यांना २०२५ साली मुदत घालून दिली गेली. धूर कमी होईल, हे चांगलंच. कष्ट आणि धूर गेले म्हणून हळहळण्याचं वय माझं राहिलेलं नाही.

संध्याकाळी वही काढली. आईच्या ओळीच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं: "यंत्रावर: चपटं पातं, चौथा आकडा, सात मिनिटं. दोनदा खरवडणे." नात शेजारी बसून खांदा चोळत वाचत होती. तिने "हात भरून येईपर्यंत" वर बोट ठेवलं आणि विचारलं, "पणजीला कुणीच मदत करायचं नाही?"

मी तिला १९६२ च्या दिवाळीची गोष्ट सांगितली. गोष्टीच्या पुस्तकासकट.